गुड फ्रायडेला वक्ता आलाच नाही तर: मराठी-कन्नड उपासना कशी सावरावी

बेळगावातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनाक्रम लिहायचं काम माझ्याकडे असतं. रविवारचं निभतं. कसोटी लागते ती गुड फ्रायडेला: दुपारी बारा ते तीन, येशूचे क्रूसावरचे सात उद्गार, सात वक्ते आणि समोर मराठी-कन्नड दोन्ही घरांतली माणसं. त्यात सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात आणि कोल्हापूरचे पाळकसाहेब कोगनोळी नाक्यापलीकडे अडकतात. नाहीतर बैलहोंगलहून साडेअकराला फोन येतो, ताप आलाय म्हणून.

अशा वेळी माणूस बदला, भाषा बदलू नका. तिसरा उद्गार कन्नडमध्ये ठरलाय ना, मग तो कन्नडमध्येच व्हायला हवा. चांगला मराठी वक्ता पहिल्या बाकावर बसलाय, त्यालाच उभं करू, असं पटकन मनात येतं. तसं करू नका. हुक्केरीकडून उन्हातान्हात आलेल्या अज्जीच्या वाट्याचं वचन आपण काढून घेतो, आणि तो मला अन्याय वाटतो. मंडळीतलीच एखादी कन्नड अक्का दहा मिनिटं साधं, मनापासून बोलली तरी पुरे. म्हणून क्रम लिहितानाच प्रत्येक उद्गारापुढं भाषा लिहा, त्याच भाषेचा एक राखीव माणूस लिहा आणि त्याला आठवडाभर आधी सांगून ठेवा.

उद्गार मात्र मागेपुढे करू नका. ‘मला तहान लागली आहे’ हे ‘पूर्ण झाले आहे’च्या आधीच यायला हवं. वक्ता वाटेत असेल तर मधली वेळ भरून काढायची. तीन तासांत सात भाग, म्हणजे वाचन, संदेश, गीत, प्रार्थना धरून एकेकाला साधारण पंचवीस मिनिटं. मी यासाठी बायबलातलं स्तोत्र 22 तयार ठेवतो. त्याची 31 वचनं आहेत. पुलपिटाच्या दोन बाजूंना दोन वाचक उभे करा, एक वचन मराठीत, पुढचं कन्नडमध्ये. आधी दोघांनीही सांगायचं: “स्तोत्र बावीस”, “कीर्तने इप्पत्तेरडु”. मग जो तो आपल्या पवित्र शास्त्रात बोट ठेवून पुढं सरकतो, भाषांतर लागत नाही. दोन वचनांमध्ये श्वासभर थांबा, नाहीतर म्हाताऱ्या माणसांची ओळ हरवते.

राखीव माणूसही नसेल तर दुभाष्या. तो वक्त्याच्या शेजारीच हवा, आणि वक्त्यानं दोन-दोन वाक्यंच बोलावीत. वेळ दुप्पट लागतो, तेव्हा संदेश निम्मा करायला आधीच सांगा. उभं राहिल्यावर कुणी ऐकत नाही.

दोन्ही भाषांत एकाच चालीवर असलेली चार-पाच गीतं हाताशी ठेवा. प्रत्येकानं आपापल्या शब्दांत, एकदमच गायचं. गीतांचे क्रमांक फळ्यावर लिहा, डावीकडं मराठी पुस्तकाचे, उजवीकडं कन्नड. वळवाच्या पावसात वीज गेली की प्रोजेक्टर आणि कीबोर्ड दोन्ही बंद, तेव्हा फळा आणि पेटीच कामाला येते.

प्रभूची प्रार्थनाही अशीच आपापल्या भाषेत. चालवणाऱ्यानं तेवढ्यापुरतं माइकपासून मागं सरकावं, नाहीतर त्याची भाषा दुसरीला दाबते. शेवटचा आवाज थांबेपर्यंत ‘आमेन’ म्हणू नये.

आणखी एक दिवस आत्ताच वहीत टिपून ठेवा. 1 नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, 2026 साली रविवारी येतोय. चन्नम्मा चौकाकडचे रस्ते गर्दीनं भरतात, तेव्हा उपासना सकाळी लवकर उरका. वेळ बदलल्याचा निरोप एकाच मेसेजमध्ये, दोन्ही भाषांत पाठवा. वेगवेगळे निरोप गेले की शंका सुरू होतात. आणि त्या दिवशी पहिलं वाचन कोणत्या भाषेत होणार, हे आधीच्या रविवारीच मंडळीसमोर सांगून टाका.