पोरगं पुण्याला गेलं आणि गिझर ऐकेना : घर ‘स्मार्ट’ करताना या चुका टाळा

सकाळी सहाला कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतनं फोन आला. “दादा, गिझर बंदच होईना. जरा येऊन बघा की.” गेलो. घरात चार माणसं, पण गिझरचं अ‍ॅप एकाच्याही मोबाईलमध्ये नाही. ते मुलाच्या मोबाईलमध्ये, मुलगा हिंजवडीत, आणि नाईट शिफ्ट करून नुकता झोपलेला. भिंतीवरचं जुनं बटण त्यानं दिवाळीच्या सुट्टीत काढून टाकलेलं, दिसायला चांगलं दिसत नाही म्हणून. मी मेन बोर्डातला एमसीबी, म्हणजे त्या लाईनचा खटका, खाली पाडला आणि चहा घेतला.

मी वायरिंगवाला. गेली काही वर्षं निम्मी कामं अशीच येतात. कोल्हापुरात ठरवून स्मार्ट घर बांधणारा विरळाच. ऑफरमध्ये एक बल्ब येतो, मग दारावर कॅमेरा, मग बोलणारा स्पीकर, मग गिझरचा प्लग. चार कंपन्या, चार अ‍ॅप, आणि एक दिवस घर स्मार्ट होऊन बसतं, कुणी न ठरवता. अमेरिकेतल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेतले कीथ एडवर्ड्स आणि रेबेका ग्रिंटर यांनी २००१ सालीच हे लिहून ठेवलंय : घरं अशी अपघातानंच स्मार्ट होतील, आणि ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला माणूस असतो तसा घरात कुणीच नसेल. आमच्याकडे असतो. फक्त तो पुण्याला असतो.

खातं एकाच्याच नावावर

माझ्याकडच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं. बसवणाऱ्यानं स्वतःच्या ईमेलवर खातं उघडलेलं असतं, पासवर्ड त्याच्याच डोक्यात. तो गाव सोडतो, मोबाईल बदलतो, कधी बापाशी भांडतोसुद्धा. खातं घरासाठी वेगळं उघडा. बहुतेक अ‍ॅपमध्ये घरातल्या दुसऱ्या माणसाला सामील करून घेता येतं, तेव्हा जो कायम घरात असतो त्याला आधी घ्या. पासवर्ड वहीत लिहा. वही चोरीला जाईल ही भीती मला पटत नाही. वही सापडत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे राऊटर बदलणं. इंटरनेटवाला नवा डबा बसवून जातो आणि घरातले बल्ब, प्लग, कॅमेरे एकदम मुके होतात. लोक एकेक उपकरण काढून पुन्हा जोडत बसतात, दिवस जातो. त्याची गरज नसते. नव्या राऊटरला जुन्याच वायफायचं नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरांसकट. उपकरणांना डबा बदललेला कळतच नाही, ती आपोआप येऊन जुळतात. एवढ्यानं जमलं नाही तर राऊटरमधला सुरक्षेचा प्रकार बघा. तो नुसता डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुनी उपकरणं जुळत नाहीत, डब्ल्यूपीए२ चालू करावा लागतो.

जोडताना फिरत बसलंय

नवं उपकरण जोडताना गोल गोल फिरत राहिलं तर आधी हे बघा : बरेचसे स्वस्त प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, आणि तुमचा मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर असतो. राऊटरमध्ये जाऊन जोडणीपुरतं ५ बंद करा, नंतर चालू करा. आणि राऊटर हॉलच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागं कोंबू नका. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती दोन-दोन फुटांच्या. त्यातनं ५ गिगाहर्ट्झ तर पार जातच नाही, २.४ सुद्धा कण्हतं. तिथं केबल ओढून मागच्या सोप्यात दुसरा राऊटर लावण्याला पर्याय नाही. राऊटर इन्व्हर्टरवर घ्यायलाही बरेचजण विसरतात. लाईट गेली की घरातला पंखा चालू राहतो आणि मेंदू बंद पडतो.

न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंग

हे वाचून सोडून देऊ नका. बटणाच्या मागं बसणाऱ्या बहुतेक स्मार्ट मॉड्यूलला फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) दोन्ही लागतात. जुन्या वायरिंगमध्ये नुसती दिव्या-पंख्याची बटणं असलेल्या बोर्डात बऱ्याचदा न्यूट्रल आणलेलाच नसतो, तो थेट दिव्याकडे गेलेला असतो. सॉकेट असलेल्या बोर्डात मात्र मिळतो. मग काही बहाद्दर मॉड्यूलचा न्यूट्रल अर्थिंगच्या वायरला बांधतात. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूष, पैसे घेऊन मंडळी पसार. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा खटका) असेल तर तो सारखा पडत राहतो आणि मग “हा खराब आहे” म्हणून तोच काढून टाकला जातो. म्हणजे जीव वाचवणारी वस्तू काढली आणि जीव घेणारी ठेवली. अर्थिंग कुठं तुटलं तर फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर करंट उतरू शकतो. न्यूट्रल नसेल तर तो पाईपमधून ओढून घ्या, नाहीतर न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल घ्या. तिसरा रस्ता नाही.

त्याच माळेतला दुसरा मणी म्हणजे लोड. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, तीन हजारचा तेरा. प्लगवर १० लिहिलेलं असतं आणि लोक म्हणतात, बसतंय की. बसतं, पण तापतं, आणि आतल्या रिलेचे, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या छोट्या स्विचचे, कॉन्टॅक्ट एक दिवस चिकटतात. लक्षण ओळखायला सोपं आहे : अ‍ॅप म्हणतं बंद, आणि गिझरचा लाल दिवा चालू. मंगळवार पेठेत नेमकं हेच झालं होतं, पोराचा मोबाईल हातात असता तरी उपयोग नव्हता. गिझरला १६ अँपिअरचाच प्लग घ्या आणि हाताचं बटण जागेवर ठेवा. पाण्याच्या मोटरीला तर प्लग थेट लावूच नका. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहापट करंट ओढते. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा स्विच, टाका. स्मार्ट स्विचनं फक्त कॉन्टॅक्टरची कॉईल चालवायची.

आणि बल्ब स्मार्ट घेण्यापेक्षा बटण स्मार्ट घ्या. बल्ब स्मार्ट असला की आई सवयीनं भिंतीवरचं बटण बंद करते, आणि मुलगा अ‍ॅपवर “ऑफलाईन” बघून मला फोन करतो. चूक आईची नाही. अ‍ॅलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, पण आमची आजी तिला “दिवा लाव गं बाई” म्हणते आणि उत्तराची वाट न बघता उठून बटण दाबते.

लाईट परत आल्यावर काय?

बहुतेक प्लगच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते : वीज परत आल्यावर चालू, बंद, की पहिल्यासारखं. ती ओळ शंभरातले पाचजण बघत असतील, हा माझा अंदाज. गिझर, इस्त्री, मोटर यांना “बंद”. फ्रिजला “चालू”. बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि घर बंद करून आठवडाभर जोतिबाला किंवा लेकीकडं गेलेल्या माणसाला तेवढ्यानं झोप लागते.

सारखी टिंग-टिंग

कॅमेरा मांजर गेलं तरी कळवतो, पान हललं तरी कळवतो. चार दिवसांत माणूस आवाज बंद करतो आणि पाचव्या दिवशी सायकल चोरीला जाते. त्याच झेरॉक्स पार्कमधल्या मार्क वायझरनं १९८८ च्या सुमारास कॉम्प्युटर सगळीकडे पसरतील ही कल्पना मांडली, तेव्हा त्याचा आग्रह होता की ते नजरेआड राहावेत, लक्ष मागत बसू नयेत. तिथं छताला टांगलेली एक दोरी होती. नेटवर्कवर वर्दळ वाढली की ती जोरात फिरायची. कुणी तिच्याकडं टक लावून बघत नव्हतं, पण सगळ्यांना कळायचं.

हे आम्हाला परदेशातनं शिकायची गरज नाही. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याचा एक आकडा बघतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३५ ला कुणी उठत नाही, ३९ ला गॅसची टाकी वर चढते, जनावरं हलतात. आपल्या उपकरणालाही असेच दोन आकडे द्या. टाकी पाव राहिली की एकदा कळव, भरली की एकदा कळव, मधलं काही सांगू नको. कॅमेऱ्यात हालचालीची चौकट फक्त दारापुरती आखा, माणूस दिसला तरच कळवायचा पर्याय असेल तर तो घ्या. चौकट आखताना शेजारच्या चौकात डोकावत नाही ना, तेही बघा. आमच्याकडं कॅमेऱ्यावरनं झालेली भांडणं मी दोनदा मिटवलीत.

कॅमेऱ्याचा कंपनीचा मूळ पासवर्ड बदला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं असे न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग करणारे डबे) ताब्यात घेतले, आणि त्यांच्याकडून केलेल्या हल्ल्यात मोठमोठ्या वेबसाईट काही तास बंद पडल्या. कॅमेरेवाल्यांना आपला कॅमेरा त्यात होता हे कळलंही नाही.

मळ्यातली मोटर

करवीर, पन्हाळ्याकडनं येणारे फोन बहुतेक मोबाईल स्टार्टरचे. रात्रीची लाईट असली की अंधारात विहिरीवर जायला नको म्हणून तो घेतात. विंचू-काटा टळतो, हे मोठंच. पण स्टार्टर ऐकेनासा झाला की लोक आधी मोटर उपसायला काढतात. थांबा. सिम बघा. त्यातलं रिचार्ज संपलेलं असतं. नाहीतर नवीन सिम जिओचं टाकलेलं असतं. स्टार्टर बहुतेकदा २जीचा आणि जिओचं जाळं सुरुवातीपासून ४जीचं, त्यांची गाठ पडायचीच नाही.

लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ मात्र मला आवडत नाही. एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) वीस मोटरी, वीसही ऑटोवर, आणि लाईट येताच सगळ्या एकाच क्षणी पाच-सहापट करंट मागतात. फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो, आणि मग आठवडाभर ऊस वाळतो. महावितरण ऑटो काढा म्हणून सांगत असतं ते उगाच नाही. लावायचाच तर लाईट आल्यावर थांबायचा वेळ ठेवा आणि शेजाऱ्यापेक्षा वेगळा ठेवा : तुमचा तीन मिनिटं, त्याचा पाच. सोबत पाणी संपल्यावर मोटर बंद करणारं ड्राय रन आणि एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर चालू आहे का, हे हंगामाच्या सुरुवातीला एकदा स्वतः बघा.

आणि स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून ऑईलपेंटनं तीन गोष्टी लिहा : सिमचा नंबर, रिचार्ज कोणत्या तारखेला संपतं, आणि मोबाईल नसताना मोटर हातानं चालू करायचं बटण कोणतं. कागद चिकटवू नका, पहिल्या पावसात गळून पडतो.