उटणं युरोपात विकायचंय? सर्टिफिकेटच्या मागे लागून होणाऱ्या या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की मला दरवर्षी एक ठरलेला फोन येतो. "जर्मनीतल्या मंडळानं पाचशे पाकिटं उटणं मागवलंय. कोणतं सर्टिफिकेट लागतं, तेवढं काढून द्या." फोन करणारा प्रत्येक वेळी वेगळा असतो, कधी बचत गटाच्या ताई, कधी घरगुती धंदा कारखान्यापर्यंत नेलेला तरुण. निर्यातीची कागदपत्रं तयार करून देणं हे माझं काम आहे, तरी या फोनवर मला आधी हेच सांगावं लागतं की असं एक सर्टिफिकेट नसतंच.

युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांत सौंदर्यप्रसाधनांसाठी एकच कायदा आहे. त्याचा क्रमांक 1223/2009 आणि तो 11 जुलै 2013 पासून पूर्णपणे लागू आहे. क्रीम किंवा उटणं तपासून "चालेल" असा शिक्का देणारं सरकारी कार्यालय या कायद्यात नाही. माल सुरक्षित आहे ही जबाबदारी त्यानं युरोपातल्या एका ठरावीक व्यक्तीवर किंवा कंपनीवर टाकली आहे, आणि ती पार पाडल्याचा पुरावा म्हणजे एक फाइल. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक भलत्याच कागदांवर पैसे घालवतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शिक्के विकत घेणं

सीई मार्क, म्हणजे माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारी खूण, खेळणी, विजेची उपकरणं, वैद्यकीय उपकरणं यांच्यासाठी असतो. सौंदर्यप्रसाधनांना तो लागू नाही, आणि पाकिटावर छापला तर तीच चूक ठरते. तरीही "उटण्याचं सीई सर्टिफिकेट" विकणारे भेटतात.

एफडीएचा घोळ आणखी मोठा. आपल्याकडे कॉस्मेटिक बनवण्याचं लायसन्स राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, आणि आपण त्याला एफडीए म्हणतो. त्यावरून पाकिटावर "एफडीए अप्रूव्ड" छापलं जातं आणि परदेशातला माणूस ते अमेरिकेचं एफडीए समजतो. अमेरिकेचं एफडीए काही रंगद्रव्यं सोडली तर कॉस्मेटिकला मंजुरी देतच नाही. तिथल्या 2022 च्या कायद्यानुसार कारखान्याची नोंदणी आणि उत्पादनाची यादी द्यावी लागते, पण नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. सोनेरी किनारीचं जे "एफडीए सर्टिफिकेट" भिंतीवर लावलेलं दिसतं, ते खासगी एजंटानं छापलेलं असतं.

आयएसओचा कागद मात्र उपयोगाचा, फक्त नेमका हवा. कॉस्मेटिकच्या उत्पादनपद्धतीचं मानक आहे आयएसओ 22716. लोक 9001 दाखवतात. त्यातून कारखान्याची शिस्त कळते, पण कॉस्मेटिकच्या उत्पादनपद्धतीचा पुरावा मिळत नाही.

घरचं लायसन्सच नसणं

कॉस्मेटिक्स रूल्स 2020 नुसार विक्रीसाठी उटणं बनवायला फॉर्म सीओएस-8 मधलं लायसन्स लागतं. दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेत असाल तर लोन लायसन्सचा, म्हणजे सीओएस-9 चा मार्ग आहे. अनेक बचत गट वर्षानुवर्षं लायसन्सशिवाय उटणं विकतात, आणि निर्यातीची वेळ आली की पहिली अडचण इथेच येते.

काहींकडे आयुषचं लायसन्स असतं आणि पाकिटावर "आयुर्वेदिक औषध". तसंच पाकीट युरोपात गेलं, तर तिथला अधिकारी त्याला औषधाचे नियम लावायला मोकळा असतो. कॉस्मेटिक म्हणून विकायचं असेल, तर घरचं लायसन्स आणि पाकीट दोन्ही कॉस्मेटिकचंच ठेवा.

पुतण्याचा पत्ता

"माझा पुतण्या म्युनिकला असतो, लेबलवर त्याचा पत्ता टाकू." ऐकायला सोपं वाटतं, म्हणून ही चूक फार होते.

कायद्यात ज्याला रिस्पॉन्सिबल पर्सन म्हणतात, त्याचं नाव आणि पत्ता लेबलवर बंधनकारक आहे आणि तो युरोपीय संघातच असावा लागतो. पण तो केवळ पोस्टाचा पत्ता नसतो. शेवटची बॅच बाजारात आल्यापासून दहा वर्षं उत्पादनाची फाइल त्या पत्त्यावर ठेवायची, अधिकाऱ्यानं मागितली की दाखवायची, कुणाच्या त्वचेवर गंभीर परिणाम झाला तर सरकारला कळवायचं, गरज पडली तर माल परत मागवायचा. हे सगळं त्याच्या गळ्यात पडतं. पुतण्या आयटीत नोकरी करतो. त्याला यातलं काही माहीत नसतं आणि नोटीस मात्र त्याच्या दारात येते. एकदा असं झालेलं मी पाहिलंय. माल थोडा होता, निस्तरलं, पण दोन घरांतलं बोलणं बंद झालं.

तुम्ही दुसरं कुणी नेमलं नाही तर कायद्यानं ही जबाबदारी तिथल्या आयातदाराची. आयातदार नको म्हणाला तर हेच काम फी घेऊन करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याशी लेखी करार करा.

लॅब रिपोर्टलाच सेफ्टी रिपोर्ट समजणं

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा यात जातो.

लॅबचा रिपोर्ट सांगतो की या नमुन्यात अमुक इतके जंतू, अमुक इतकं शिसं सापडलं. सेफ्टी रिपोर्ट, म्हणजे त्या फाइलमधला सुरक्षिततेचा अहवाल, यात त्यापुढचा विचार असतो: हा घटक इतक्या प्रमाणात, शरीराच्या या भागावर, इतक्या वेळा लावला तर शरीरात किती जाईल आणि धोक्याच्या पातळीपासून ते किती दूर आहे? साधारणपणे हे अंतर किमान शंभरपट असावं लागतं. हा रिपोर्ट औषधनिर्माणशास्त्र, विषशास्त्र, वैद्यक किंवा तत्सम विषयाची युरोपात मान्य असलेली पदवी घेतलेल्या माणसानंच सही करून द्यायचा असतो. इथल्या केमिस्टची सही चालत नाही.

सही करणाऱ्या या तज्ज्ञाला शंभर टक्क्यांचा फॉर्म्युला लागतो. "सुगंध : गुपित" चालत नाही. अत्तरवाला तुम्हाला फॉर्म्युला देणार नसेल तर तो थेट तज्ज्ञाकडे पाठवू शकतो. हे आधीच बोलून घ्या, नाहीतर काम महिनाभर तिथेच अडतं.

उटण्याला इथे एक फायदा आहे. क्रीम-लोशनमध्ये पाणी असतं, म्हणून त्यांच्या प्रिझर्व्हेटिव्हची आयएसओ 11930 ची चाचणी करावी लागते. कोरड्या पावडरीत जंतू वाढायला ओलावाच नसतो, त्यामुळे तज्ज्ञ कारण नोंदवून ती वगळू शकतो. पण वाढत नाहीत म्हणजे नसतात असं नाही! वाळा, नागरमोथा, संत्र्याची साल हे सगळं मातीतून आणि अंगणातल्या वाळवणातून येतं. सर्वसाधारण उत्पादनात ग्रॅममागे 1000 पर्यंत जंतू चालतात; तीन वर्षांखालील मुलांसाठी किंवा डोळ्यांजवळ लावायच्या वस्तूंसाठी फक्त 100. "बाळाच्या अंगालाही चालेल" ही ओळ पाकिटावर प्रेमानं छापली की तुम्ही दहापट कडक नियमात जाता.

भारतात पास, जर्मनीत नापास

मुलतानी मातीत नैसर्गिकरीत्याच थोडं शिसं असतं. आपल्याकडच्या मानकांत जड धातूंची मर्यादा अनेकदा 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग) असते, म्हणून रिपोर्टवर "पास" येतं आणि आपण निर्धास्त होतो. युरोपात शिसं बंदीच्या यादीत आहे. जे टाळताच येत नाही तेवढंच अंशमात्र चालतं, आणि जर्मनीच्या ग्राहक संरक्षण खात्यानं सर्वसाधारण कॉस्मेटिकसाठी ते 2 पीपीएम धरलं आहे. म्हणून लॅबकडून "पास-नापास" नको, आकडा मागा. आणि तयार उटणं तपासण्याआधी माती तपासा. खाण बदलली की आकडा बदलतो, त्यामुळे प्रत्येक लॉट तपासलेला बरा.

नावं आणि वनस्पती

लेबलवर घटकांची नावं आंतरराष्ट्रीय पद्धतीनंच हवीत. हळद म्हणजे कर्क्युमा लाँगा रूट पावडर, मुलतानी माती म्हणजे सोलम फुलोनम. नाव लिहायचं तर वनस्पती नेमकी कोणती हे माहीत हवं. आंबेहळद म्हणून बाजारात कधी कर्क्युमा अमाडा मिळते, कधी कर्क्युमा अरोमॅटिका. व्यापाऱ्याकडून शास्त्रीय नाव लिहून घ्या.

आजीच्या कृतीत कोष्ठ (कुठ ही औषधी वनस्पती) असेल तर ते काढा. त्याच्या मुळाचं तेल सुगंधासाठी वापरायला युरोपात बंदी आहे, शिवाय ही वनस्पती दुर्मिळ प्रजातींच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच परिशिष्टात आहे. रक्तचंदन दुसऱ्या परिशिष्टात. त्याची पूडसुद्धा नियमात येते. पारंपरिक कृतीला हात लावताना वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण निर्यातीच्या बॅचसाठी वेगळा फॉर्म्युला केलेला बरा.

लेबल

मूळ देश, बॅच नंबर, वजन, वस्तू कशासाठी आहे हे, सूचना, मुदत एवढं लागतंच. जर्मनीत सूचना जर्मन भाषेत हव्यात. "मुरुमं बरी करतं" हा औषधाचा दावा झाला, तो काढा. "पॅराबेन (एक प्रकारचं प्रिझर्व्हेटिव्ह) नाही" असं लिहून इतरांना कमी लेखणंही तिथे चालत नाही.

सुगंधातल्या ॲलर्जी आणणाऱ्या घटकांकडे आत्ताच बघा. धुऊन टाकायच्या वस्तूत 0.01 टक्क्यापेक्षा जास्त असतील तर त्यांची नावं वेगळी लिहावी लागतात. आधी ही यादी दोन डझनांच्या आसपास होती, आता ती ऐंशीच्या वर गेली आहे आणि त्यात चंदनाचं, गुलाबाचं तेलही आलं. नव्या उत्पादनांसाठी 31 जुलै 2026 आणि आधीपासून बाजारात असलेल्यांसाठी 31 जुलै 2028 ही नवी यादी पाळण्याची तारीख आहे. हजारो पाकिटं छापण्याआधी हे तपासा.

नोंदणी

माल बाजारात येण्याआधी सीपीएनपी या युरोपीय संघाच्या कॉस्मेटिक नोंदणी पोर्टलवर नोंद करायची असते. ती रिस्पॉन्सिबल पर्सन करतो, सरकारी शुल्क शून्य. "सीपीएनपी सर्टिफिकेट"चे पैसे कुणी मागितले तर नेमकं कशाचे, ते विचारा.

फ्री सेल सर्टिफिकेट, म्हणजे हा माल आपल्या देशात खुला विकला जातो असा दाखला, युरोपचा कायदा मागत नाही. आखाती देशांत ते लागतं, आणि दुबईसाठी तर त्यावर ॲपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परराष्ट्र खात्याचा शिक्का) चालत नाही. वकिलातीचा शिक्का लागतो.

माल अडकलाच तर

लेबलची चूक असेल तर माल बाजारात जाण्याआधी गोदामातच स्टिकर लावून बहुतेक वेळा निभावतं. घटकच चुकला असेल तर माल परत आणणं किंवा नष्ट करणं एवढंच उरतं. युरोपीय संघाच्या सेफ्टी गेट या संकेतस्थळावर अडवलेल्या मालाची यादी कारणासकट येते. ती फुकट आहे, तुमच्यासारखी कोणती वस्तू कशामुळे अडली ते वाचून ठेवा.

आता दिवस मोजू. उष्णतेत ठेवून टिकाऊपणा तपासायलाच तीन महिने जातात. त्याच काळात बाकीच्या चाचण्या होतात, पण रिपोर्ट, लेबलचं भाषांतर आणि छपाई यांना त्यापुढे आणखी वेळ लागतो. जहाजानं न्हावाशेव्याहून हॅम्बुर्गला पोचायला महिना तरी धराच. दिवाळीचं उटणं वेळेवर पोचवायचं तर काम गुढीपाडव्याला सुरू व्हायला हवं. म्हणून ऑगस्टमध्ये फोन करणाऱ्याला मी पुढच्या दिवाळीची ऑर्डर घ्यायला सांगतो आणि मुलतानी मातीचा नमुना लगेच लॅबला पाठवायला लावतो.