रेडिओत यायचंय? आधी लॉग वाचायला शिका

महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मेसेज करतंच, ताई मला आरजे व्हायचंय, आवाज चांगलाय असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण, तर गॅदरिंगला सूत्रसंचालन ऐकलेली वर्गातली पोरं. हसत नाही मी, मीपण तशीच आलेली. गडहिंग्लजवरनं एसटीनं कोल्हापूरला, बॅगेत वही, वहीत दोनशे गाणी, सकाळी कुठलं, पाऊस पडला तर कुठलं, सगळं लिहून. मुलाखतीत ती वही मी टेबलावर ठेवली. समोरच्या मॅडमनी दोन पानं चाळली आणि विचारलं, चहा घेणार का.

तर पहिली गोष्ट, आरजे गाणी निवडत नाही. गाणी म्युझिक मॅनेजर निवडतो, तेही सॉफ्टवेअरमधनं, आणि नेटवर्कवाल्या, म्हणजे एकाच कंपनीच्या अनेक शहरांतल्या, स्टेशनात निम्मी यादी वरच्या ऑफिसातनंच येते. नवीन हिट गाणं तीन-चार तासांनी परत फिरणार, जुनं दोन-तीन दिवसांनी, एकाच गायकाची दोन गाणी जवळजवळ येणार नाहीत, असे नियम टाकलेले असतात. तेच गाणं ऐकून ऐकून तुमचं डोकं उठतं तेव्हा ऐकणाऱ्याला ते कुठं जरा ओळखीचं व्हायला लागलेलं असतं. हे पटायला मला वर्ष गेलं.

आता जिथं मी आपटले ते जरा सविस्तर सांगते, कारण नवीन पोरगं हमखास इथंच आपटतं. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी माझा शो, ७ ते ८. पावणेआठला कागलवरनं एका काकांचा फोन, लेकीची हळद आहे, एक लावणी लाव की गं पोरी. मागं बायकांचा दंगा ऐकू येतोय, मला भरून आलं. लॉगमधलं, म्हणजे तासात काय कधी वाजणार त्या यादीतलं, पावणेचार मिनिटांचं गाणं काढलं आणि सव्वासहा मिनिटांची लावणी ओढून टाकली. काका खूश, मी खूश.

पण तास ६० मिनिटांचाच असतो. ८ ला नेटवर्कचा रेकॉर्डेड शो, त्याला फिक्स टाइम लावलेला, म्हणजे आधीचं काय शिल्लक आहे ते न बघता तो ठोक्याला सुरू होतो. मी अडीच मिनिटं जास्त खाल्ली होती, ती निघाली शेवटच्या जाहिरातींच्या ब्रेकमधनं. सहा जाहिराती वाजल्याच नाहीत, त्यातली एक गुजरीतल्या सराफाची, उद्याच्या सोन्याच्या ऑफरची. काय वाजलं, कधी वाजलं याचा रिपोर्ट बिलासोबत क्लायंटला जातो, त्यामुळं लपवायला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी सेल्सवाला माझ्या टेबलापाशी येऊन काही न बोलता नुसता उभा राहिला, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. अक्षय्य तृतीया होऊन गेल्यावर त्या ऑफरची जाहिरात फुकट वाजवून तरी काय उपयोग?

लॉगमध्ये तास किती सेकंद वर किंवा खाली चाललाय तो आकडा दिसतो. तो आकडा बघा. गाणं बदलायच्या आधी बघा आणि बदलल्यावर परत बघा. फर्माईश घ्यायचीच असेल तर तेवढ्याच लांबीचं गाणं काढा, नाहीतर पुढचं एक उडवा, आणि म्युझिकवाल्याला विचारून. काकांचा आवाज रेकॉर्ड करून नेटवर्कच्या शोनंतर लावता आला असता, हळद काय पाच मिनिटांत संपत नाही. एवढं साधं, पण तेव्हा सुचलं नाही.

कुणी म्हणेल एवढं काय त्यात. अहो, श्रोते मोजायची रॅम पद्धत होती तीसुद्धा मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, कोलकाता एवढ्यापुरतीच. कोल्हापुरात मिरची ९८.३, टोमॅटो ९४.३, रेडिओ सिटी ९५, शिवाय आकाशवाणी १०२.७, पण कोण किती ऐकलं जातं ते दुकानात रेडिओ लावून बसलेला मालकच सांगणार. तोच श्रोता आणि तोच क्लायंट, म्हणून त्याची जाहिरात चुकवायची नाही.

घाबरू नका पण. मला काढलं नाही, पंधरा दिवस माइकवरनं उतरवलं आणि लॉग तपासायला बसवलं. खरं सांगू, तेवढंच काय ते माझं शिक्षण. पुण्या-मुंबईचे हजारो रुपयांचे आरजे कोर्स मला पटत नाहीत, तिथं सगळ्यांचा आवाज एकसारखा करून पाठवतात. आणि 'मी तुला रेडिओत लावतो' म्हणणाऱ्या गुरूपासून तर चार हात लांब. त्यापेक्षा आकाशवाणीची हंगामी उद्घोषकांची जाहिरात निघाली की ऑडिशन द्या, नापास झालात तरी श आणि ष कुठं घसरतोय ते कळतं.

भाषेचं एक राहिलंच. आपल्याकडं बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात. मी ऑन एअर तसं बोलले की आमचे साहेब काचेपलीकडनं हात हलवायचे, 'आले' म्हण, 'जाते' म्हण. वर्षभर मी घशातनं परकी बाई काढून बोलले. मग पावसाळ्यात एकदा पंचगंगेची पातळी सांगताना, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, घाईत तोंडातनं निघून गेलं, 'मी आत्ताच कंट्रोल रूमला विचारून आलो'. त्या दिवशी फोन ठेवायला उसंत नव्हती. साहेबांनी त्यानंतर हात हलवला नाही. (आकडा मात्र विचारूनच सांगायचा, व्हॉट्सअॅपवरचा नाही. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, हवामान आणि रस्ते चालतात.)

आणि डेमो पाठवणार असाल तर दीड मिनिटाच्या वर नको, मागं म्युझिक नको, आणि देवाशप्पथ सांगते, 'हॅलोऽऽ कोल्हापूऽऽर'नं सुरुवात नको. गेल्या महिन्यात तसले अकरा ऐकलेत.