भातातला उंदीर बांधावर राहतो, खाचरात चरतो

पाण्याने भरलेल्या खाचरात बीळ टिकत नाही. म्हणून लावणीनंतर उंदरांचा मुक्काम रुंद बांधात, पाटाच्या काठी नाहीतर शेजारच्या पडीक जागेत असतो. भातात जास्त नासाडी करते ती छोटी घूस. ही भांडखोर, एका बिळात बहुधा एकच मोठी घूस सापडते. बिळाला तोंडं मात्र अनेक, तेव्हा तोंडं मोजून उंदरांचा आकडा काढू नका.

संध्याकाळी सगळी तोंडं ओल्या मातीने बुजवा. सकाळी जिथे ताजी भुसभुशीत माती बाहेर आलेली दिसेल, ते बीळ चालू. घूस स्वतःच तोंड आतून मातीने बंद करते, त्यामुळे बंद दिसलं म्हणून सोडून देऊ नका.

तिथून गवतात दबलेली वाट धरून आत शिरा. फुटवे बुडाशी तिरके कापलेले दिसतील. कडेच्या ओळी शाबूत आणि मध्ये टक्कल, असं बहुतेकदा असतं. नुसतं बांधावरून फिरणाऱ्याला हे कळतच नाही!

विषारी आमिष पोटरीच्या आधी, म्हणजे लोंबी पानाच्या वेष्टनात फुगायच्या आधी टाका. पोटरीपासून वीण जोर धरते, गाभण काळ जेमतेम तीन आठवड्यांचा. शिवाय लोंबीत दाणा भरला की आमिषाला कोण विचारतो?

एक किलोसाठी ९६० ग्रॅम तांदळाची कणी, २० ग्रॅम गोडेतेल आणि ०.२५ टक्के ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाची २० ग्रॅम भुकटी काठीने कालवा. १५-१५ ग्रॅमच्या कागदी पुड्या करून चालू बिळात खोलवर सरकवा. हातमोजे हवेतच. बांधावर उघडी पुडी ठेवली तर पावसाने वाया जाते आणि कोंबड्या-कुत्र्यांच्या तोंडी लागते. झिंक फॉस्फाइड हे दुसरं उंदीरनाशक वापरायचं असेल तर आधी दोन-तीन दिवस साधी तेल लावलेली कणी खायला घाला. कारण विष अर्धवट खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही.

एकट्याने केलं तर रिकाम्या बिळांत शेजारचे उंदीर येऊन बसतात. लगतच्या सगळ्या खाचरांत एकाच दिवशी करा. उन्हाळ्यात बांध छाटून ३० सेंटिमीटरपेक्षा अरुंद ठेवा, त्यात बीळ करायला जागाच उरत नाही. कापणीनंतर पेंढ्याची उडवी शेतात ठेवू नका, सगळे तिथेच जमतात.