दूरच्या बेसवर ये-जा करणाऱ्या कार्गो पायलटांनो, या चुका टाळा

अलास्कातल्या अँकरेजचा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते ठिकाण, मिळाला की नवीन मुलांचा पहिला फोन ठरलेला असतो. "सर, घर न हलवता जमेल का?" जमतं. मी डॅलसला राहतो आणि नऊ वर्षं अँकरेजहून ७४७ उडवतोय. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, घराचा हप्ता सगळं टेक्ससमध्ये, आणि कामाची जागा अलास्कात. डॅलस ते सिअ‍ॅटल चार तास, तिथून अँकरेज साडेतीन तास, आणि मधे गेटवर बसून राहणं वेगळं.

पूर्ण भरलेलं मालवाहू ७४७ आशियातून थेट अमेरिकेच्या आतल्या शहरांपर्यंत पोचू शकत नाही. माल कमी करण्यापेक्षा वाटेत इंधन भरणं परवडतं, म्हणून ही विमानं अँकरेजला उतरतात. विमानं तिथे, म्हणून बेस तिथे. पायलट मात्र कुठे कुठे राहतात. अर्ध्याहून जास्त मंडळी दुसऱ्याच्या विमानातून येऊन मग स्वतःचं विमान उडवतात. त्यांच्याकडून होणाऱ्या त्याच त्या चुका बघून जीव थकलाय, म्हणून लिहायला बसलो.

शेवटच्या विमानावर भिस्त ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रात्री नऊचा रिपोर्ट, म्हणजे ड्युटीवर हजर व्हायची वेळ, असेल तर दुपारी चारला अँकरेजला उतरणारं विमान कागदावर अगदी योग्य दिसतं. पाच तास हातात. त्या दिवशी सकाळी मुलांना शाळेत सोडता येतं, घरी एक रात्र जास्त मिळते. मोह मी समजू शकतो, कारण पहिल्या हिवाळ्यात मीही तेच केलं.

डिसेंबरचा महिना होता. डॅलसहून सिअ‍ॅटलला वेळेवर पोचलो. पुढच्या विमानाच्या गेटवर गेलो तर जंपसीट, म्हणजे कॉकपिटमधली जादा खुर्ची, त्यांच्याच कंपनीच्या पायलटने घेतलेली. ते बरोबरच होतं, घरच्या माणसाचा हक्क पहिला. केबिनमध्ये तीन जागा रिकाम्या दिसत होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. मग गेट एजंटने हाक मारून सांगितलं की अँकरेजला बर्फ पडतोय, कॅप्टनने पर्यायी विमानतळासाठी जास्तीचं इंधन घेतलंय, वजन बसत नाही, फुकट बसणारे सगळे खाली. माझ्या डोळ्यांदेखत तीन रिकाम्या जागा घेऊन ते विमान मागे ढकललं गेलं. त्यापुढचं विमान वेळापत्रकाप्रमाणे सातला पोचणार होतं. ते पंखांवरचा बर्फ काढायच्या रांगेत अडकलं आणि मी अँकरेजला उतरलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

मी सिअ‍ॅटलहूनच शेड्युलिंगला फोन केला होता, त्यामुळे नोकरीवर आलं नाही. चीफ पायलटसमोर बसावं लागलं, त्या ट्रिपचा पगार गेला. ते दुखणं महिन्याभरात विसरलो. विसरलो नाही ते हे, की माझ्या जागी रिझर्व्हवरच्या, म्हणजे ऐन वेळी बोलावण्यासाठी राखून ठेवलेल्या, एका माणसाला उठवून पाठवलं गेलं. त्या संध्याकाळी त्याच्या मुलीचं शाळेत गाणं होतं. तो सभागृहातून उठून आला. नंतर क्रू रूममध्ये भेटला तेव्हा एका शब्दाने बोलला नाही, माझ्यासाठी कॉफी ओतली. त्या दिवसापासून मी रिपोर्टच्या आदल्या संध्याकाळी अँकरेजमध्ये असतो. अपवाद नाही.

बऱ्याच कंपन्यांच्या करारात दुरून ये-जा करणाऱ्या पायलटसाठी संरक्षणाचं कलम असतं : वेळेत पोचवणारी दोन विमानं धरायचा प्रामाणिक प्रयत्न केला असेल तर शिक्षा होत नाही. नवीन मुलं हे कलम तोंडपाठ करतात आणि त्याच्या आधारावर बेत आखतात. नेमकं इथंच घोडं पेंड खातं. कलम तुम्हाला शिक्षेपासून वाचवतं. ते रिझर्व्हवरच्या माणसाची संध्याकाळ वाचवत नाही, आणि तुमच्या नावाची जी ओळख बेसवर तयार होते तीही पुसत नाही.

माझी सवय अशी आहे. रिपोर्टच्या वेळेपासून मागे मोजत यायचं. आधी बारा तास झोपेचे आणि जेवणाचे बाजूला काढायचे. त्याच्या आधी पोचणारं विमान हे माझं शेवटचं विमान. त्याच्याही आधीची दोन शोधायची आणि पहिल्यानेच निघायचं. पहिलं हुकलं की मी त्याच गेटवर उभा राहून पुढच्याचं तिकीट विकत घेतो. तीनशे-चारशे डॉलर जातात. एका ट्रिपचा पगार काय असतो आणि हे पैसे काय आहेत, याचा हिशेब ज्याला जमत नाही त्याने बेसजवळ घर घ्यावं.

हिवाळा संपला की सुटलो असंही समजू नका. उन्हाळ्यात सिअ‍ॅटल-अँकरेज विमानं पर्यटकांनी आणि मासेमारीला निघालेल्या लोकांनी गच्च असतात. परतीच्या वाटेवर गोठवलेल्या सॅमन माशांची खोकी इतकी असतात की वजनाचाच प्रश्न येतो. शिवाय अलास्का आहे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये माउंट स्पर्र ज्वालामुखीच्या राखेने अँकरेजचा विमानतळ बंद पाडला होता, आणि ३० नोव्हेंबर २०१८ ला ७.१ तीव्रतेच्या भूकंपाने सकाळची विमानं खोळंबली.

जंपसीट हक्काची समजणं

ती कॅप्टनची मेहेरबानी आहे. २००१ च्या सप्टेंबरनंतर दुसऱ्या कंपनीच्या पायलटला कॉकपिटमध्ये बसवणं बंदच झालं होतं. संगणकावर ओळख पटवायची व्यवस्था आली तेव्हा ते परत सुरू झालं. म्हणून आत जाऊन कॅप्टनला स्वतः विचारा, परवाना आणि मेडिकलचं प्रमाणपत्र हातात ठेवा, नीट कपडे घाला. दहा हजार फुटांखाली तोंड बंद. आठ तासांत दारूचा थेंब नाही, कारण त्या खुर्चीवर तुम्ही क्रूचाच भाग असता. उतरताना आभार माना. केबिनमध्ये जागा मिळाली असली तरी मानायचेच.

विमानातली डुलकी झोप म्हणून मोजणं

पहिल्या चुकीने पगार जातो. ही चूक जीव घेते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे पाचचा रिपोर्ट, दक्षिण कोरियातल्या इंचॉनची फेरी. माझ्याबरोबर एक तरुण फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होता, मूळचा साताऱ्याकडचा, माझ्यासारखाच डॅलसहून येणारा. हुशार मुलगा, हात चांगला. त्याने टेकऑफचं वजन संगणकात भरलं आणि मी माझ्या कागदावरून ताडून पाहिलं तर मधले दोन अंक उलटे. चूक कुणाचीही होऊ शकते, पडताळणी त्यासाठीच असते. मी दाखवलं. त्याने पुसलं आणि परत तेच उलटे अंक भरले.

कॉकपिटमध्ये आम्ही इंग्रजीच बोलतो. त्या वेळी मी हात थांबवले आणि मराठीत विचारलं, "झोपलास कधी?"

"विमानात झोपलो ना सर."

"बिछान्यात कधी झोपलास, ते सांग."

तो गप्प झाला. मग हिशेब निघाला. आदल्या दिवशी डॅलसला सकाळी सहाला उठलेला. दिवसभर घरातली कामं, संध्याकाळचं विमान, रात्रीचं सिअ‍ॅटल, मध्यरात्रीनंतर दीडला अँकरेज. तिथून क्रू रूममधली खुर्ची. अलास्काचं घड्याळ डॅलसच्या तीन तास मागे, त्यामुळे अँकरेजचे पाच म्हणजे त्याच्या शरीराचे सकाळचे आठ. सव्वीस तास झाले होते, आणि त्यात मधल्या सीटवरची तुटक डुलकी. पुढे प्रशांत महासागर होता.

मला त्या क्षणी हॅलिफॅक्स आठवलं. १४ ऑक्टोबर २००४ ला एमके एअरलाइन्सचं मालवाहू ७४७ तिथून उडताना कोसळलं, सातही जण गेले. आधीच्या विमानतळावरचं कमी वजन टेकऑफच्या हिशेबात वापरलं गेलं होतं, आणि थकव्यामुळे अशा चुकीची शक्यता वाढली, असं कॅनडाच्या तपासात नोंदलंय. आकडा चुकीचा, जोर कमी, धावपट्टी संपली.

मी त्याला सांगितलं, फोन उचल आणि थकलो म्हणून कळव. त्याचे हात थरथरत होते. नोकरी जाईल असं त्याला वाटत होतं. गेली नाही. रिझर्व्हचा पायलट आला, विमान अडीच तास उशिरा निघालं, कुठलंही आभाळ कोसळलं नाही. तो मुलगा क्रॅश पॅडवर, म्हणजे पायलटांनी बेसजवळ मिळून भाड्याने घेतलेल्या झोपायच्या जागी, जाऊन अकरा तास झोपला.

अमेरिकेत प्रवासी विमानांच्या पायलटांसाठी विश्रांतीचे कडक नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्यामागे २००९ चा बफेलोजवळचा कोलगन एअरच्या फ्लाइट ३४०७ चा अपघात होता, पन्नास माणसं गेली. त्यातली फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांच्या जंपसीटवरून मेम्फिसमार्गे नेवार्कला आली होती आणि क्रू रूममध्ये विसावली होती. थकव्याचा वाटा नेमका किती, हे तपासात ठरवता आलं नाही. पण तो रात्रीचा प्रवास वाचताना आपल्यापैकी प्रत्येकाला स्वतःचीच एखादी रात्र आठवते. त्या नव्या नियमांतून कार्गो वगळलं गेलं. ते लागू व्हायच्या काही महिने आधी, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, यूपीएसचं मालवाहू विमान, फ्लाइट १३५४, अलाबामातल्या बर्मिंगहॅमला धावपट्टीच्या अलीकडे आदळलं. दोन्ही पायलट गेले. तपासात फर्स्ट ऑफिसरच्या अपुऱ्या झोपेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ती झोप ड्युटीबाहेरच्या वेळेत घ्यायची राहिली होती.

ड्युटीबाहेरचा वेळ. आपला प्रवास त्याच वेळेत होतो. कंपनीच्या कागदावर तुम्ही रात्रभर विश्रांती घेत असता, प्रत्यक्षात तुम्ही सिअ‍ॅटलच्या गेटवर बॅगेवर डोकं टेकून बसलेले असता. कायदा तुमची झोप मोजणार नाही, म्हणून ती स्वतः मोजा. माझा नियम साधा आहे : रिपोर्टच्या आधी बिछान्यात आडवा होऊन सलग सात तास. खुर्ची, रिक्लायनर, विमानातली सीट, गाडीतली मागची बाजू, यातलं काहीही मी धरत नाही.

आणि "कॉफी घेतली की होतं सर" असं मला कुणी सांगू नये. घाईने सगळं जमवायला बघणाऱ्या मुलांचं मला वाईट वाटतं, कारण ती आळशी नसतात. घरी एक रात्र जास्त राहायचं असतं, एवढंच. पण ती रात्र तुम्ही शेजारी बसलेल्या माणसाच्या जिवावर उधार घेता.

स्वस्तातला पलंग घेणं

क्रॅश पॅडमध्ये दोन प्रकार असतात. एकात जो पलंग रिकामा असेल तो घ्यायचा, चादर आपली आपण घालायची. दुसऱ्यात पलंग तुमच्या नावाचा. दुसरा महाग असतो आणि तोच घ्यायचा. पहाटे दोनला पोचल्यावर अंधारात मोबाइलच्या उजेडात रिकामा पलंग शोधणं, चादर घालताना वरच्या माणसाला जाग येणं, हे मी सहा महिने केलं. आता माझा पलंग खिडकीपासून लांबचा, खालचा. पडदा म्हणून सोलापुरी चादर टांगली आहे. खिडकीला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवली आहे, कारण जूनमध्ये तिथे एकोणीस तास उजेड असतो आणि रात्री अकराला ऊन डोळ्यांवर येतं. फ्रिजच्या कप्प्यावर माझ्या नावाची चिकटपट्टी, कपाटात छोटा कुकर, तांदूळ आणि मेतकुटाची बरणी. ट्रिपवरून आल्यावर पंधरा मिनिटांत गरम मऊभात खाऊन झोपता आलं पाहिजे. बाहेरचं शोधत फिरलात की झोपेचा तास गेला.

थोडक्यात काही

सीनियॉरिटी नसताना रिझर्व्ह घेऊन दूरून ये-जा करू नका. फोन आल्यावर दोन तासांत हजर व्हायचं असेल तर ते दिवस क्रॅश पॅडवरच जातात, आणि घर नावालाच उरतं.

बिड करताना, म्हणजे महिन्याच्या ट्रिप निवडताना, पैशांआधी ट्रिपची सुरुवात आणि शेवट बघा. संध्याकाळी सुरू होणारी, सकाळी संपणारी ट्रिप घरचा वेळ वाचवते.

अलास्कात आयकर नाही म्हणून आपला कर वाचला, असं धरून चालू नका. संघीय कायद्याने विमान कर्मचाऱ्याच्या पगारावर त्याचं राहतं राज्य कर लावू शकतं. कॅलिफोर्नियात राहून अँकरेजला येणाऱ्याचा कॅलिफोर्नियाचा कर सुटत नाही. ये-जा करायचा खर्च आणि पॅडचं भाडं संघीय करातून वजा होत नाही. आणि अलास्काच्या तेलनिधीचा दरवर्षीचा लाभांश तिथल्या खऱ्या रहिवाशांसाठी आहे. पलंगाच्या पत्त्यावर अर्ज करणं ही लबाडी आहे.

तिथे जुनी गाडी ठेवणार असाल तर थंडीत इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर बसवून घ्या आणि वायर प्लगला लावूनच विमान गाठा.

युनिफॉर्मचा एक जोड, बूट आणि औषधं बेसवरच ठेवा. ताबडतोब खांद्यावरची बॅग हलकी होते आणि ऐन वेळी सामान चेक-इन करावं लागत नाही.

घरी भिंतीवर कॅलेंडर लावा आणि त्यावर ट्रिपचे दिवस वेगळे, प्रवासाचे दिवस वेगळ्या रंगात लिहा. माझ्या बायकोने हे सुरू केलं. तोवर मी तिला सोळा दिवस कामाचे सांगायचो आणि बाहेर बावीस दिवस असायचो. रंग दिसल्यावर आम्ही दोघांनी बसून दोन ट्रिप एकाला एक जोडून बिड करायला सुरुवात केली, महिन्यात चारऐवजी दोनच फेऱ्या झाल्या.

परतीची घाई

ट्रिप संपली की पहिलं विमान पकडून घर गाठायचं, रात्रभर प्रवास करून सकाळी डॅलसला उतरायचं आणि लगेच गाडी काढून हायवेला लागायचं. सगळे हेच करतात, कारण आता उडवायचं काही नसतं. मीही करायचो. एका सकाळी चाकाखाली कडेच्या पट्टीचा खडखडाट झाला तेव्हा मला जाग आली. गाडीला साधा ओरखडाही आला नाही. त्या हायवेवर माझ्या पुढे शाळेची पिवळी बस होती.

आता उतरल्यावर मी घरी फोन करतो. बायको मोकळी असेल तर ती येते. नसेल तर टॅक्सी करतो, आणि गाडी दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन येतो. पार्किंगचे एका दिवसाचे जास्तीचे पैसे मी महिन्याच्या खर्चात आधीच धरून ठेवलेले असतात.