लकव्यानंतर माणूस 'आळशी' झालाय? घरच्यांनी या चुका टाळा

आण्णांची डावी बाजू गेली. तीन महिन्यांत काठीच्या आधाराने अंगणापर्यंत जायला लागले आणि तिथेच अडकले. फिजिओ आला की डोळे मिटून घ्यायचे. "लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस, आता बसून खायची सवय लागली," असं मीच बोललो. तेही त्यांच्यासमोर. पहिली चूक ही.

झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. माणूस खिन्न असतो, झोप उडते, 'मी ओझं झालो' म्हणतो. औदासीन्य वेगळं. त्यात दुःख असतंच असं नाही. कामाला हात घालायला लावणारी मेंदूतली यंत्रणाच दुखावलेली असते. विचारलं तर "बरंय की" म्हणतात. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा. वाचा गेली असेल तर जेवण, झोप आणि चेहरा यांवर नजर ठेवा.

दुसरी चूक विचारत बसण्याची. "व्यायाम करायचा का?" याला उत्तर "नको" हेच. आम्ही विचारणंच सोडलं. रोज आठला चहाची कपबशी उचलली की मांडीवर टॉवेलची चवड. उन्हाळ्यात सातलाच, कारण पुढे सोलापूरचं ऊन धडधाकट माणसालाही बसवतं. डावा पंजा कापडावर टेकवून पहिली घडी मी घालायचो. दुसऱ्या घडीला त्यांचा अंगठा काठ चाचपायचा. चाळीस वर्षं टॉवेल विणलेला हात तो. एके दिवशी म्हणाले, "किनार सैल सोडलीय." कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते.

मालिका बघताना एकाएकी रडू फुटलं, मिनिटात थांबलं, तर ते दुःखच असेल असं नाही. मेंदूच्या इजेमुळे असं रडू-हसू आवरत नाही. "रडू नका" म्हणून उपयोग नाही. विषय बदला आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर घाला.

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला बहुधा दोन ते सहा आठवडे जातात. आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून आम्ही ती बंद केली होती. तसं करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

भेटायला येणारे "आमचे मामा पंधरा दिवसांत पळायला लागले" सांगतात. त्यांना चहा द्या, आणि रुग्णाच्या खोलीबाहेरच द्या.

"मेलो तर सुटलो" हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतो का, सरळ विचारा. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. घरातल्या थकलेल्या माणसानेही तो लावावा. आमच्या आईने लावला.

आण्णा अजूनही आपणहून उठत नाहीत. चवड ठेवावी लागते.