स्प्रिंट बघून शिकायचं कसं
स्प्रिंट म्हणजे सॉफ्टवेअर टीमचा ठरलेल्या काही आठवड्यांचा कामाचा टप्पा. त्यात आधी बोर्डकडे (जिथे प्रत्येक काम एका कार्डावर लिहून ते कुठवर आलंय त्याप्रमाणे कॉलममध्ये लावतात) नीट बघा, माणसांकडे नंतर. कुठलं कार्ड किती दिवस एकाच कॉलममध्ये पडून आहे ते रोज त्यावर एक टिंब मारून मोजा, टेस्टिंगमधल्या कार्डांवर पाच-पाच टिंबं दिसली की समजायचं गाडी इथेच अडकलीय, मग डेव्हलपर कितीही फास्ट कोड लिहू देत काही उपयोग नाही. डेली स्क्रम, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, १५ मिनिटांचाच, तिथे चर्चा ताणू नका. रेट्रोत (स्प्रिंट संपताना काय चुकलं, काय जमलं ते बोलायची मीटिंग) मात्र टिंबं समोर ठेवून बोला आणि पुढच्या स्प्रिंटला एकच बदल करा, म्हणजे टेस्टिंगमध्ये एका वेळी तीनच कार्डं वगैरे. एकदम चार बदल केले की कशाने फरक पडला तेच कळत नाही (आम्ही केलंय हे, नुसता गोंधळ). टिंबं घटली तर बदल ठेवा, नाहीतर सरळ काढून टाका आणि दुसरं काहीतरी ट्राय करा.